उम्म सालेमचं ताट

…आणि बटण अजून एका धाग्याला लोंबतच होतं. निळं, चार भोकांचं, मधोमध किंचित तडकलेलं. इनायातनं ते दोन बोटांत धरून फिरवलं, तसा धागा पिळला गेला, आणि सोडल्यावर बटण उलटं फिरत फिरत पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. सुईत दोरा ओवायचा तर टोक ओलं करायला हवं, आणि तोंडाला तर दुपारपासून कोरड पडलेली. ओल असती तरी रोज्याच्या दिवशी दोरा जिभेला लावावा की नाही याबद्दल तिच्या आईची मतं ठाम होती. आई जाऊन इतकी वर्षं झाली, मतांनी मात्र घर सोडलं नव्हतं. खिडकीतून नाईलवरचा वारा येत होता. म्हणजे नुसती गरम हवाच, पण कैरोच्या या मनियल भागात तिला वारा म्हणायची पद्धत आहे.

चॅनेलवाल्यांनी बजावलं होतं, पांढरं नको, बारीक रेघांचं नको, कॅमेऱ्यात थरथरतं. मग कपाटात उरला हा निळा अंगरखा. पडद्यावर उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, बनून ती रमजानभर एकाच विटक्या काळ्या झग्यात दिसत होती, तेव्हा आज निळ्यात बघून लोक म्हणणार, अगबाई, ही तर बरी दिसते! ‘भाग संपल्यावर’ हा कार्यक्रम त्यासाठीच होता. मालिकेचा रोजचा भाग आटोपला की लगेच, ज्यांचं तेवढ्यानं पोट भरत नाही त्यांच्यासाठी, एक गुबगुबीत सोफा, त्यावर मालिकेतलं कुणीतरी, समोर ऐतेन नावाची चुणचुणीत बाई, आणि अर्धा तास त्याच भागाचा कीस. कोण का रडलं, थप्पड खरी होती का, आणि मुख्य म्हणजे सालेम परत येणार का. सगळा देश इफ्तारनंतर चहाचा पेला घेऊन हे ऐकत बसतो. इनायातला या प्रकाराचं पहिल्यापासून हसू यायचं. आज मात्र तिला हसू येत नव्हतं, कारण काल वफीकचा फोन आला होता.

वफीक म्हणजे त्या कार्यक्रमाचे फोन सांभाळणारा माणूस. कुणाला थेट आत घ्यायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे तोच ठरवायचा. तिला तो मामा म्हणायचा, म्हणजे आई.

“मामा इनायात, पाहुण्याला मध्येच घरच्यांचा फोन येतो, बघितलंय ना तुम्ही? डोळ्यांत पाणी, टाळ्या, मग जाहिराती. तर तुमच्या घरचं कोण देऊ?”

“माझ्या घरी कोण आहे रे? स्वयंपाकघरातला नळ आहे, तो रात्रभर बोलतो. त्याला घे.”

“तुमच्या तोंडी लागायची सोय नाही! अहो, मुलगा आहे ना तुमचा, बाहेर कुठेतरी?”

“तो कामात असतो.”

“आईसाठी पाच मिनिटं नाहीत त्याला?”

“वफीक, दुसरं काहीतरी विचार.”

मग त्यानं अंगरख्याचा रंग विचारला आणि फोन ठेवला. इतकंच. पण तेव्हापासून एक विचार तिच्या मानगुटीवर बसला होता. हा वफीक चिवट माणूस. मागच्या आठवड्यात त्यानं खलनायकाच्या शाळामास्तराला अस्वानमधून हुडकून काढलं होतं, आणि मास्तरांनी भर कार्यक्रमात त्या खलनायकाला साताचा पाढा विचारला होता. असा माणूस ‘दुसरं काहीतरी विचार’ एवढ्यावर थांबेल? ती नाही म्हणाली होती खरी, पण आईचं नाही ते… माझं ऐकू नकोस, वफीक. माझ्यापाठीमागे जा, माझ्या नणंदेला फोन कर, तिच्या मुलींना छळ, कुठूनही शोध त्याला. मी वरकरणी रागावेन. रागावायला मला छान येतं, चाळीस वर्षं तेच करतेय.

दोरा तिनं अखेर कोरडाच ओवला.

हैसम. हे नाव ती आता मोठ्यानं घेत नसे, कारण मोठ्यानं घेतलं की घराला उत्तर द्यावंसं वाटतं आणि देता येत नाही. तिचा नवरा शुक्री रेल्वेत होता, आणि रेल्वेत असल्यामुळे गाडी आणि माणूस यांत त्यानं कधी भेद केला नाही. रमजानमध्ये रेडिओवर इफ्तारची तोफ झाली की घास तोंडात. आणि तोफ झाली तेव्हा जो टेबलाशी नसेल त्याचं ताट उचलायचं, मग तो सुलतान असो. उचलायचं काम अर्थात इनायातचं. तसे वाईट दिवस नव्हते ते, हैसम लहान असताना तर त्याचा खेळच व्हायचा. जिन्यावरून धावत यायचा, तोफ आणि तो एकदम दारात, शुक्री घड्याळ दाखवून म्हणायचा, वाचलास. पण मुलगा मोठा होतो आणि नियम तेवढाच राहतो. बापलेकात दुसरं बरंच काही होतं, नोकरीचं, लग्नाचं, रोज थोडं थोडं साठत गेलेलं… आणि मग ती संध्याकाळ. तोफ झाली. हैसम नव्हता. तिनं नेहमीसारखं त्याचं ताट उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाली, तेव्हाच दार उघडलं. धापा टाकत होता. हातात कतायेफ मिठाईचा पुडा, बापाला आवडणारी, दाण्याची, जिच्यासाठी त्या एका दुकानापुढे तास तास रांग लागते. ती टेबल आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध उभी. दोन पावलं मागे आली असती तर ताट जागेवर गेलं असतं. तिनं शुक्रीकडे पाहिलं. शुक्री सूप पीत होता. हैसमनं पुडा चपलांच्या फळीवर ठेवला आणि जसा आला तसा जिना उतरून गेला.

आधी दोहा, मग म्हणे कॅनडा. तीही नणंदेकडून आलेली खबर. नंबर बंद पडला. शुक्री गेला तेव्हा निरोप पोचला की नाही, कुणी छातीठोक सांगेना. ताटावरून कुणी घर सोडतं का, असं लोक म्हणाले असते, म्हणून तिनं लोकांना ताटाचं सांगितलंच नाही.

आणि तरी सगळ्या देशाला सांगून बसली होती. तिसऱ्या भागाचं चित्रीकरण. संहितेत एवढंच, ‘उम्म सालेम जेवायला बसते.’ मुलगा सालेम रात्रीत होडीनं इटलीला पळालेला, पत्ता नाही, आणि ती इतर लेकरांना घेऊन बांग ऐकते. तालमीत इनायातनं सालेमचंही ताट मांडलं. मग कॅमेरा फिरला, बांग झाली, सगळे जेवायला लागले, धाकटीचं काम करणाऱ्या पोरीनं ते रिकाम्या जागेचं ताट बाजूला करायला हात घातला… आणि इनायातनं, म्हणजे उम्म सालेमनं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं. गरम राहावं म्हणून. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला. आता घरोघरी लोक झाकलेल्या ताटांचे फोटो टाकतात, कुणाचा नवरा रियाधला, कुणाचा भाऊ तुरुंगात, कुणाचा मातीत. इनायातच्या स्वतःच्या टेबलावर मात्र कधीच ताट मांडलं जात नाही. ती ओट्याशी उभ्यानं खाते आणि वाटी लगेच विसळते.

न्यायला गाडी आली. ड्रायव्हर ऑक्टोबर शहराच्या रस्त्याला लागेपर्यंत गप्प होता, मग त्याला राहवेना.

“मामा, एक विचारू? सालेम येणार का हो परत? बायकोनं बजावलंय, विचारल्याशिवाय आलास तर जेवण नाही म्हणून.”

“बघत राहा,” इनायात म्हणाली.

“म्हणजे येणार!”

“म्हणजे बघत राहा.”

हे वाक्य निर्मात्याच्या माणसानं सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. शेवट फुटता कामा नये. फुटला तर करार, वकील, नुकसानभरपाई! गंमत अशी की फुटायला शेवट होता कुठे? शेवटच्या भागांची पानं लेखक अजून लिहीत होता, रोज सकाळी गरम गरम येत होती, आणि सालेम जिवंत आहे की बुडाला हे खुद्द त्यालाच ठरवता येत नव्हतं. नसलेलं गुपित सगळे जिवापाड सांभाळत होते. तिलाही त्याची सवय झाली होती. भाजीवाला असो की शेजारीण, ‘सालेम’ एवढं ऐकलं की तोंड आपोआप म्हणायचं, बघत राहा.

स्टुडिओच्या बोळात लांब टेबल मांडून सगळ्यांचं इफ्तार चाललं होतं. मसुराचं सूप, खजूर, चिंचेचं सरबत. केबल ओढणारे, रंगभूषावाल्या, हिशेबनीस, सगळे खांद्याला खांदा लावून. मामा इकडे बसा, मामा ही भाकरी घ्या, मामा तुम्ही काल रडवलंत. या धंद्यात साठीच्या बाईला सगळेच मामा म्हणतात, आई म्हणून हाक मारणाऱ्यांची तिला कधीच टंचाई नव्हती. तिची नजर वफीकला शोधत होती. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तिच्याशी नजरानजर होताच त्यानं मान खाली घालून खजूर सोलल्यासारखा खाल्ला. लपवतोय. चेहऱ्यावर दिसतंय, काहीतरी लपवतोय हा. शोधलंय त्यानं… तिनं सुपाची वाटी दूर सारली. ती स्वतःला म्हणाली, बाई, साठी उलटली तुझी, जरा दमानं घे. पण छाती काही ऐकत नव्हती. इतकी वर्षं तिनं आस दाबून दाबून पार तळाशी नेऊन ठेवली होती, आणि एका जाड्या माणसाच्या खजूर खाण्यावरून ती भसकन वर आली.

फक्त आवाज. तिला फार नको होतं. काय म्हणेल, माफ करेल का, येईल का, काही नको. एकदा ‘मामा’ म्हणू दे. तेवढ्यावर मी उरलेलं आयुष्य ओट्याशी उभ्यानं काढेन.

भाग संपला, सोफ्यावरचे दिवे लागले.

“आज आपल्यासोबत आहे अख्ख्या इजिप्तची आई!” ऐतेन म्हणाली आणि समोर बसवलेल्या पन्नासेक माणसांनी टाळ्या पिटल्या. “उम्म सालेम, आधी ते सांगा, जे सगळ्यांना विचारायचंय. ते ताट! कल्पना कुणाची?”

“दिग्दर्शकांची,” इनायात म्हणाली. असं म्हणायची रीत असते.

“आणि मनात काय होतं त्या वेळी तुमच्या?”

“भूक,” ती म्हणाली. “खरा रोजा होता आणि समोर खरं मटण होतं.”

लोक हसले. ऐतेन हसली. मग तिनं आवाज खाली आणला आणि इनायातच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि इनायातला कळलं, आता. “तुमच्यासाठी एक आवाज आहे आमच्याकडे. डोळे मिटा बरं.”

तिनं मिटले. वर लावलेल्या कर्ण्यातून खरखर आली, मग श्वास, मग तरुण पुरुषाचा आवाज, “मामा…”

सगळं अंग एकदम हलकं झालं, पायाखालचं काही उरलं नाही असं हलकं…

“मामा, मी सालेम! रशीद बंदरातून बोलतोय, होडी पंक्चर झाली!”

हास्याचा फवारा. मालिकेतला सालेम तो, गोड पोरगा, चित्रीकरणाच्या जागेवरून बोलत होता, मागे सगळी मंडळी ओरडत होती. इनायातनं डोळे उघडले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि कॅमेरा हळूच जवळ येत होता, आणि ती हसून म्हणाली, “मेल्या, ताट गार झालं की रे तुझं!” टाळ्या. काचेपलीकडे वफीक दोन्ही अंगठे वर करून उभा. त्यानं लपवलं होतं ते हे. तिला त्याचा राग आला नाही, कुणाचाच आला नाही. फक्त आत एवढी मोठी जागा एकदम रिकामी झाली की आपला आवाज त्यात घुमेल, अशी तिला भीती वाटली. हैसम हवा होता तिला. अभिनय, देश, टाळ्या नको होत्या, आपलं पोर हवं होतं.

मग नेहमीचे फोन सुरू झाले. मन्सूरा शहरातल्या एका बाईला उम्म सालेमच्या रुमालाचं कापड कुठं मिळेल ते हवं होतं. एक म्हातारा नुसता दुवा देऊन रडला.

“आता एक प्रेक्षक आहेत, परदेशातून,” ऐतेन म्हणाली. “बोला, साहेब, नाव?”

“नाव राहू द्या.” आवाज लांबून, मध्ये फट पडत पडत येत होता, जाडसर, सर्दी झाल्यासारखा. “उस्ताजा इनायात, मला ताटाचं विचारायचंय.”

“विचारा की.”

“घरात कुणी बघत नसेल, तरीही ती ते झाकून ठेवते का? की मुलांसमोरच?”

असं कुणी विचारलं नव्हतं. इनायात सावरून बसली. “कुणी नसताना… कुणी नसताना ती बहुतेक टेबलाशी बसतच नाही.”

फट. श्वास. “आमच्याकडे तोफेनंतर ताट उचलायचे,” तो म्हणाला.

सोफ्याचं कापड तिच्या मुठीत आलं होतं. हा आवाज… हैसम चोवीस-पंचविशीचा असताना गेला होता, आता चाळिशीकडे झुकला असेल. आवाजाचं वय वाढलं तर आईला ओळखू येतो का? यायला हवा. ओळखू यायला हवा होता आणि येत नव्हता, आणि नाहीही म्हणवत नव्हतं.

“एवढंच विचारायचं होतं,” तो म्हणाला. “म्हणजे… परत यावं का त्यानं?”

येणार का, असं नव्हतं विचारलं. यावं का, असं विचारलं होतं. हे तिला कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं, आणि तेवढ्यात ऐतेन बोट नाचवत म्हणाली, “अहो, अहो, शेवट नाही हं विचारायचा!” आणि समोरची माणसं हसली आणि इनायातचं तोंड, रमजानभर घोटून घेतलेलं ते तोंड, तिला न विचारता उघडलं.

“बघत राहा,” ते म्हणालं.

“बरं,” तो म्हणाला. “बघतोच आहे.”

आणि फोन बंद झाला.

जाहिराती लागल्या. तुपाच्या डब्याभोवती पोरं नाचत होती. कुणीतरी तिच्या नाकाला पावडर लावून गेलं. ऐतेन म्हणाली, “काय छान निसटलात तुम्ही, मामा! मला वाटलं आता बोलून जाता.” इनायातनं खुणेनं वफीकला बोलावलं. तो धापा टाकत आला.

“कोण होता तो?”

“कोण, शेवटचा? नाव देईना. सभ्य वाटला म्हणून घेतला. काही चुकलं का?”

“ताट उचलायचे म्हणाला.”

“मग? माझे आजोबाही तसेच. तोफ झाली, संपलं. अर्ध्या शुब्रा मोहल्ल्याचे बाप तसेच होते, मामा. त्या पिढीचा रोगच तो.” त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. “नंबर असतो आमच्याकडे. बघू का लावून?”

हो म्हण. म्हण ना. दिवसभर याच्यासाठीच तर जीव टांगलेला… पण नंबर लावला आणि पलीकडून कुणी भलताच निघाला, कुणा दुसऱ्याच बाईचा, दुसऱ्याच जिन्यावरून उतरून गेलेला, तर? मग आत्ता ऐकलेलं हेही हातचं जाईल. आणि तोच निघाला तर काय सांगणार, मला ओळखू आला नाहीस? पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिला अडवत होतं, हळूहळू लक्षात येत होतं ते. इतकी वर्षं वाट तिनं पाहिली, हे तिचं एकटीचं काम आहे असं धरून चालली, वाट पाहणारी म्हटलं की आईच. आणि आत्ता तिकडे, कुठल्या गावात देव जाणे, दिवस आहे की रात्र तेही ठाऊक नाही, एक माणूस प्रश्न विचारून बसला होता. प्रश्न तिला विचारला होता. उत्तर तिनं द्यायचं राहिलं होतं. तो हैसम असो वा नसो, कुणाचा तरी तो होताच. ताट पुन्हा तिच्या हातात होतं आणि दार उघडं होतं, आणि सूप पिणारं माणूस जाऊन फार दिवस झाले होते. मी कुणाकडे बघत होते मग?

“थांब जरा,” ती वफीकला म्हणाली.

“आलो आपण!” कुणीतरी ओरडलं, वफीक वाकून बाजूला पळाला, दिवे चढले. कॅमेऱ्याच्या काचेत बघायचं नाही, ऐतेनकडे बघायचं, असं पाहुण्यांना सांगितलेलं असतं. इनायातनं सरळ काचेत पाहिलं. काळी, गोल, तळ न दिसणारी काच. तिच्यामागे सगळा देश होता आणि देशाशी तिला आत्ता काही देणंघेणं नव्हतं. जीव तसाच तुटत होता, सकाळपेक्षा जास्तच, पण आता तो एका दिशेनं तुटत होता.

“…तर मग पुढच्या रमजानमध्येही तुम्ही आम्हाला असंच रडवणार का, उम्म सालेम?” ऐतेन विचारत होती.

“हो,” इनायात काचेकडे बघत म्हणाली. “यावं.”

ऐतेनचं हसू अर्ध्यावर थांबलं. “काय म्हणालात?”

“त्यानं विचारलं ना मघाशी,” इनायात म्हणाली. “यावं त्यानं. कधीही यावं. उशीर झाला तरी.”